डावीकडचं कोरं पान

मंडळी, 'जर्नल' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? सबमिशनच्या आदल्या दिवशीची रात्र, ब्राउन पेपरचं कव्हर, त्यावर तिरकं चिकटलेलं लेबल. उजवीकडे रेघांचं पान, डावीकडे कोरं पान. उजवीकडे उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. डावीकडे टोक केलेल्या पेन्सिलीने आकृती. आणि हे सगळं उतरवायचं कुठून, तर गेल्या वर्षीच्या कुणा सुवाच्य अक्षराच्या मुलीच्या जर्नलमधून. तिने ते तिच्या सीनियरकडून घेतलेलं. मूळ प्रयोग बहुधा १९७० च्या सुमारास कुणीतरी खरोखर केला असावा :) पुढे इंजिनियरिंगला काचेखाली बल्ब लावून ड्रॉइंग शीट छापायची, म्हणजेच जीटी मारायची कला साधली की शिक्षण सुफळ संपूर्ण. 'जर्नल कम्प्लीट झालं का?' हा प्रश्नच बघा ना. त्यात काय सापडलं, असं कुणी कुणाला विचारल्याचं ऐकिवात नाही.

गंमत म्हणजे जगात इतरत्र हाच शब्द बरोब्बर उलट अर्थाने वापरतात. 'नेचर जर्नल' म्हणजे एक साधी वही. बाहेर जायचं, समोर जे असेल ते (झाड, किडा, ढग, चिखलातला कुत्र्याच्या पंजाचा ठसा, काहीही) तिथेच उभं राहून चित्र, शब्द आणि आकडे यांच्यात उतरवायचं. अमेरिकेत जॉन म्यूर लॉज नावाचे एक निसर्गअभ्यासक-चित्रकार आहेत, त्यांनी यावर २०१६ साली एक जाडजूड पुस्तक लिहिलं, आणि २०२० मध्ये एमिली लिग्रेन यांच्याबरोबर खास शिक्षकांसाठी दुसरं. त्यांची पद्धत तीन गोष्टींवर उभी आहे. मला काय दिसतंय, मला काय प्रश्न पडतोय, आणि हे बघून मला कशाची आठवण होतेय. बस्स. चित्र सुंदर यावं हा हेतूच नाही, असं ते पुन्हा पुन्हा सांगतात.

तर आजचा मुद्दा असा, की तिसरी-चौथीच्या मुलांना विज्ञान शिकवताना ही वही हवीच. ड्रॉइंगचा तास आणि परिसर अभ्यासाचा तास यांच्यातली भिंत पाडून हवी. आणि मुख्य म्हणजे ती तपासताना 'चित्र किती छान' आणि 'पुस्तकाशी किती जुळतं' हे दोन्ही निकष कचऱ्यात टाकले पाहिजेत. नाहीतर तिचंही एक जर्नल होईल, आपल्या अर्थाने.

आता हे मला का सुचलं ते सांगतो.

आपल्या शाळांमध्ये मराठी भाषेने एक झकास सोय करून ठेवली आहे. विज्ञानाच्या तासाला काढतात ती 'आकृती'. ड्रॉइंगच्या तासाला काढतात ते 'चित्र'. आकृतीला पट्टीने आडव्या रेघा मारून नावं द्यायची, उगाच शेडिंग करायचं नाही. चित्र म्हणजे दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, तिथूनच निघून पुढे रुंद होत जाणारी नदी, एक कौलारू घर, एक नारळाचं झाड आणि आकाशात दोन-दोन कमानी जोडून केलेले पक्षी. गोंदियापासून सावंतवाडीपर्यंत हाच देखावा! सोलापूरच्या पोराने घराशेजारी नारळ आणि दारात नदी कधी पाहिली, हे विचारायचं नाही. म्हणजे बघा, आकृतीसाठी पुस्तकात बघायचं आणि चित्रासाठी डोक्यातल्या छापाकडे बघायचं. फुलाकडे दोन्ही तासांना बघावं लागत नाही. आणि या विषयाचं अधिकृत नाव काय, तर 'परिसर अभ्यास'. तो शिकवायचा कुठे, तर दार लावून वर्गात.

माझी भाची चौथीत आहे. मध्यंतरी तिला गृहपाठ होता, जास्वंदीच्या फुलाची आकृती काढून भागांना नावं द्या. ताईच्या गॅलरीत कुंडीत जास्वंद आहे, तेव्हा भाचीबाईंनी पुस्तक न उघडता सरळ एक फूल तोडून टेबलावर ठेवलं आणि बसल्या काढत. मी तेव्हा तिथेच लॅपटॉप घेऊन हापिसचं काहीतरी निस्तरत होतो. अर्ध्या तासाने वैतागून म्हणते, "मामा, ही शेवटची पाकळी बसतच नाहीये. ती चौथीच्या वर आहे आणि पहिलीच्या खाली पण आहे. पण पहिली तर मी आधीच काढली ना!"

मी उठून बघितलं. खरंच की. जास्वंदीच्या पाच पाकळ्या अशा रचलेल्या असतात, की प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली. आपण खोक्याची चार झाकणं एकमेकांत अडकवून बंद करतो ना, चिकटपट्टी संपलेली असते तेव्हा, अगदी तसं. त्यात पहिली आणि शेवटची असं काही नसतंच, नुसता पीळ असतो. मी आयुष्यभर घरातल्या गणपतीला जास्वंद वाहिलेली बघत आलोय आणि हे मला एका दहा वर्षांच्या मुलीने सांगितलं. तिलाही ते नुसतं बघून कळलं नव्हतं. काढायला गेल्यावर, पेन्सिल अडल्यावर कळलं. हे महत्त्वाचं आहे, याच्याकडे परत येऊ.

तिने तीनदा खोडून शेवटी ते बरोबर काढलं. एका पाकळीला किड्याने पाडलेलं भोकही काढलं. वही तपासून आली तेव्हा त्यावर लाल पेनाने लिहिलेलं, 'पाकळ्या सुट्या दाखव. पुस्तकाप्रमाणे काढ.' पाचपैकी दोन मार्क.

शाळेचं नाव सांगत नाही, कारण ही त्या शाळेची गोष्ट नाहीच. तुमच्याही मुलांच्या शाळेत हेच होईल. आणि बाईंनाही मी खलनायक करणार नाही. पन्नासेक वह्या, एका वहीला अर्धं मिनिट. पुस्तकातली आकृती डोक्यात ठेवून ती जुळते का बघणं, एवढंच त्या वेळात होऊ शकतं. आपल्या भाषेत सांगायचं तर अपेक्षित आउटपुट हार्डकोड केलेलं आहे. टेस्ट पास करायची असेल तर तेच छापा. प्रोग्रॅम खरा चालतो का, याची तपासणीच नाही.

पण त्याचा परिणाम काय झाला ते ऐका. भाचीने आता दोन प्रकारची चित्रं काढायला सुरुवात केली आहे. एक 'शाळेचं जास्वंद', सुट्या पाकळ्यांचं, मधोमध सरळ दांडा असलेलं. आणि एक 'खरं जास्वंद', वहीच्या शेवटच्या पानावर. ताई म्हणते, "बरं झालं, समजूतदार आहे, मार्क जायला नकोत." मला मात्र ते ऐकून पोटात कसंतरी झालं. दहाव्या वर्षी तिला कळून चुकलंय की विज्ञान म्हणजे जे दिसतं ते नव्हे, जे विचारलंय ते. बाकी ती हुशार आहे, दोन्ही सांभाळून नेईल. पण जी मुलं दोन्ही सांभाळू शकत नाहीत, ती यातलं कुठलं टाकतात? तुम्हाला उत्तर माहीत आहे.

असो. तर पेन्सिल अडण्याबद्दल.

१६०९ साली इंग्लंडमध्ये थॉमस हॅरियट नावाच्या गणितज्ञाने दुर्बिणीतून चंद्र बघितला आणि त्याचं चित्र काढलं. गॅलिलिओच्या काही महिने आधी! हॅरियट साधासुधा माणूस नव्हता, त्या काळातल्या अव्वल डोक्यांपैकी एक. पण त्याचं ते चित्र बघितलं तर उजेड आणि अंधार यांच्यामधली एक वेडीवाकडी रेघ आणि काही काळपट डाग, एवढंच आहे. त्या डागांचं काय करायचं हे त्याला उमगलं नाही. त्याच वर्षाच्या शेवटी गॅलिलिओने तोच चंद्र बघितला आणि त्याला त्या डागांत सावल्या दिसल्या. अंधाऱ्या भागात सुटे चमकणारे ठिपके दिसले, म्हणजे उगवत्या उन्हात आधी उजळणारी शिखरं. त्याने १६१० मध्ये छापलेल्या पुस्तकात चंद्र चक्क डोंगर-खळग्यांचा आहे. दोघांच्या दुर्बिणीत फरक होताच, गॅलिलिओची जास्त ताकदीची होती. पण कलेच्या इतिहासाच्या अभ्यासकांनी आणखी एका फरकाकडे बोट दाखवलं आहे. गॅलिलिओ फ्लॉरेन्सच्या वातावरणात वाढलेला, चित्रकलेत मुरलेला माणूस. गोलावर उजेड कसा पडतो, खड्ड्याची सावली कुठल्या बाजूला येते, हे तिथली चित्रकार मंडळी हाताने घोटून घोटून शिकत. त्याचा मित्र चिगोली तर नामांकित चित्रकार, त्याने पुढे रोमच्या एका चर्चमध्ये मेरीच्या पायाखालचा चंद्र गुळगुळीत न रंगवता खड्ड्यांसकट रंगवला. आणि हॅरियट? गॅलिलिओचं पुस्तक निघाल्यानंतर, १६१० च्या उन्हाळ्यात त्याने पुन्हा चंद्र काढला, आणि या वेळी त्यात खळगे आहेत!

मला ही गोष्ट भयंकर आवडते. डोळा हा काही कॅमेरा नाही. बघणं शिकावं लागतं, आणि बघणं शिकायची जुनी, स्वस्त आणि खात्रीची पद्धत म्हणजे हाताने काढणं. फोटोत ही मजा नाही. फोटो काढायला पाकळी कुठे अडकली आहे हे कळावं लागत नाही, बोट दाबलं की झालं. आपण डीबग करताना शेजाऱ्याला (शेजारी नसेल तर टेबलावरच्या रबरी बदकाला) कोड ओळीओळीने समजावून सांगतो आणि मध्येच 'अरेच्चा!' म्हणून थांबतो, तसंच हे. चित्र काढताना प्रत्येक रेघेला एक निर्णय घ्यावा लागतो. ही कड वर की खाली? पानं समोरासमोर की एकाआड एक? मुंगीचे पाय शरीराच्या कुठल्या भागाला जोडलेत? यातलं जे बघितलं नाही, तिथे हात थांबतो.

याला प्रयोगाचाही थोडा आधार आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात मायरा फर्नांडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना साधे शब्द देऊन काहींचं चित्र काढायला सांगितलं आणि काही नुसते पुन्हा पुन्हा लिहायला. चित्र काढलेले शब्द नंतर कितीतरी जास्त आठवले, आणि चित्र चांगलं की वाईट याने फरक पडला नाही. आता यावरून लगेच 'चित्रकलेने मेंदू तल्लख' छाप फॉरवर्ड बनवू नका. ते प्रयोग कॉलेजच्या मुलांवर होते, शब्द लक्षात ठेवण्याबद्दल होते, चौथीच्या वर्गाबद्दल नव्हते. पण 'आमच्या बंड्याला चित्र काढता येत नाही हो' हा आक्षेप त्याने बराचसा निकालात निघतो.

बरं, हे सगळं परदेशातून आयात करायचं खूळ आहे, असं वाटत असेल तर थांबा. जे. बी. एस. हाल्डेन हा मोठा जीवशास्त्रज्ञ १९५७ मध्ये इंग्लंड सोडून कलकत्त्याला इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आला. त्याने इथल्या तरुणांना कसलं संशोधन करायला लावलं? महागडी यंत्रं नकोत, प्राण्यांची चिरफाड नको. जे अंगणात आहे ते नीट बघा आणि मोजा. सुबोध कुमार रॉय पारिजातकाच्या फुलांच्या पाकळ्या मोजत बसले. पारिजातकाला सगळ्या फुलांना सारख्याच पाकळ्या नसतात, पाच, सहा, सात, आठ अशा असतात. तुम्ही कधी मोजल्यात? मीही नव्हत्या मोजल्या. अँटनी डेव्हिस नारळाची झाडं बघत हिंडले, कारण नारळाच्या झावळ्या खोडाभोवती पिळाने येतात, आणि काही झाडांचा पीळ डावा असतो, काहींचा उजवा. जास्वंदीच्या कुळातल्या फुलांचा पीळही त्यांनी असाच मोजला. होय, तोच, भाचीच्या पाकळ्यांचा. म्हणजे चौथीतल्या एका मुलीने ज्या गोष्टीपाशी पेन्सिल अडवली, त्या गोष्टीवर कलकत्त्यात शोधनिबंध लिहिले गेले होते. आणि इकडे आपण तिला सांगितलं, पाकळ्या सुट्या दाखव.

शाळेच्या पातळीवरही आपल्याकडे हे झालेलं आहे. मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा खेडेगावच्या शाळांपासून एक विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, सहावी ते आठवीसाठी. पुढे 'एकलव्य' संस्थेने तो वाढवला आणि शेकडो शाळांमध्ये नेला. मुलं शेतात, ओढ्यावर जात, पानं गोळा करत, काढत, आपापसात भांडत, आणि स्वतःच्या वहीत स्वतःची निरीक्षणं लिहीत. मला त्यातली सगळ्यात भारी वाटते ती परीक्षा. परीक्षेला पुस्तक आणि स्वतःची वही घेऊन बसायची परवानगी होती. विचार करा, याने वहीचं काय होत असेल! जी वही परीक्षेत उपयोगी पडणार आहे, ती कोण दुसऱ्याची छापेल? २००२ मध्ये तिथल्या सरकारने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षं चाललेला! मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात जयश्री रामदास यांनी प्राथमिक वर्गांसाठी 'स्मॉल सायन्स' ही पुस्तकमाला तयार केली, तीही बघण्या-काढण्या-बोलण्यावर उभी आहे. मुलांच्या चित्रांमधून त्यांचं विज्ञान कसं समजून घ्यायचं यावर रामदासांनी कितीतरी वर्षं काम केलं आहे. म्हणजे माहिती नाही अशी सबब नाही.

आणि नुसतं कोरं पान देऊन काही होत नाही, याचा पुरावा तर अगदी ताजा आहे. २०२३ मध्ये आपल्या राज्याने पाठ्यपुस्तकातच वहीची पानं घालायचं ठरवलं. धड्याच्या शेवटी कोरं पान, 'माझी नोंद'. दप्तराचं ओझंही कमी व्हावं, असा विचार. मला तर नाव वाचूनच उकळ्या फुटल्या होत्या. 'माझी' आणि 'नोंद', दोन्ही शब्द लाख मोलाचे. पण झालं काय, मुलं वह्या आणतच राहिली, ती पानं हवी तशी वापरली गेली नाहीत, आणि २०२५ च्या जानेवारीत तो निर्णय मागे घेतला. कशी वापरणार? बाहेर बघायला नेलं नाही, विचारायला वेळ दिला नाही, मग त्या पानावर 'माझी' म्हणावी अशी नोंद येणार कुठून? फळ्यावरचंच त्यात उतरवायचं, तर ते वहीत काय वाईट होतं?

दुसरं टोक म्हणजे 'आर्ट इंटिग्रेशन'. नवं शैक्षणिक धोरण २०२० चं, त्यात कला आणि इतर विषय एकत्र शिकवा असं म्हटलंय. सीबीएसईने २०२०-२१ पासून पहिली ते दहावीला कला जोडून करायचे प्रकल्प आणले. कल्पना उत्तम. प्रत्यक्षात काय होतं ते ज्यांच्या घरी शाळेत जाणारं मूल आहे त्यांना विचारा. रविवारी रात्री दहा वाजता स्टेशनरीच्या दुकानात आईबाबांची झुंबड. ग्लिटर, फोम शीट, ग्लू गन. जलचक्राचं थ्री-डी मॉडेल, कापसाचे ढग, निळ्या रंगाचं पाणी. करणार बाबा, सजवणार आई, आणि पोर शेजारी पेंगतंय. या मॉडेलमधला ढग बनवताना कुणीही एकदाही खिडकीबाहेर आकाशात बघितलेलं नसतं. इथे कला म्हणजे विज्ञानाच्या केकवरचं आयसिंग. मला हवी आहे ती कला पिठात असलेली, उपमा जरा गंडली, पण समजून घ्या.

तुम्ही म्हणाल, शाळांना बागा कुठे आहेत? मुंबईतल्या, पुण्यातल्या कितीतरी शाळांना धड मैदान नाही. कबूल. पण निसर्ग म्हणजे ताडोबाच पाहिजे असं कुणी सांगितलं? ड्रेनेजच्या पाइपाशेजारी भिंतीच्या फटीत उगवलेलं पिंपळाचं रोप प्रत्येक शाळेत असतं. कावळे असतात. मुंग्या तर असतातच. ढग सगळीकडे सारखेच फुकट. आणि एक झाड, कुठलंही एक. देशात 'सीझनवॉच' नावाचा उपक्रम २०१० च्या सुमारास सुरू झाला, त्यात शाळेतली मुलं एकच झाड ठरवून दर आठवड्याला बघतात. कोवळी पालवी आहे का, कळ्या आहेत का, फळं किती. केरळमधल्या शाळांनी यात मोठी हजेरी लावली आहे. अशा नोंदी वर्षानुवर्षं साठल्या की कुठलं झाड कधी फुलायला लागलंय हे कळतं, आणि हवामान बदलाच्या दिवसांत ही माहिती शास्त्रज्ञांना हवीच आहे. पोरांच्या वह्यांमधून येतेय ती.

वेळ कुठे आहे, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. शिक्षकांवर सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, निवडणुकीची कामं, सगळं असतं. मी महिन्यातला फक्त एक तास मागतोय. ड्रॉइंगचा एक आणि परिसर अभ्यासाचा एक असे जोडून घेतले तर आणखी बरं. आणि तपासणीला सोपा नियम. तारीख-वेळ-जागा आहे? मापलेलं किंवा मोजलेलं काहीतरी आहे? पुस्तकात नसलेली एक तरी गोष्ट दिसली आहे? एक प्रश्न आहे? चार खुणा, अर्ध्या मिनिटात होतात. नाव सगळ्यात शेवटी सांगायचं. हे फार महत्त्वाचं आहे बरं का. 'हा बुलबुल' म्हटलं की मुलं बघायची थांबतात, कारण उत्तर मिळालं.

मी हे फुकाचं सांगत नाहीये. आमच्या सोसायटीतली सात-आठ पोरं घेऊन गेलं वर्षभर शनिवारी सकाळी वेताळ टेकडीवर जातोय. (पाऊस असेल तर पार्किंगमध्ये.) मी वनस्पतिशास्त्रज्ञ नाही, चित्रकार तर नाहीच. माझं काम फक्त पोरांना रस्त्यावर येऊ न देणं आणि 'अजून काय दिसतंय?' हे विचारत राहणं. एका मुलाने आंब्याची पानं तांबूस तपकिरी रंगवली म्हणून त्याच्या आईने हटकलं, "अरे, पानं हिरवी असतात ना?" त्याने आईला खाली नेऊन कोवळी पालवी दाखवली. मग आम्ही त्या फांदीला लोकरीचा धागा बांधला आणि तीच पानं दर शनिवारी काढली. ती आधी तांबूस आणि मरगळल्यासारखी खाली लोंबणारी असतात, मग हळूहळू हिरवी होत ताठ होतात. का? आम्ही शोधलं, तर शास्त्रज्ञांमध्येही एकमत नाही. कुणी म्हणतं उन्हापासून बचाव, कुणी म्हणतं किड्यांपासून. हे कळल्यावर पोरांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता! मोठ्यांनाही माहीत नाही म्हटल्यावर आपलंही काहीतरी चालेल, असा.

एकदा एका वाळक्या तिरक्या फांदीत तांबटाचं बीळ सापडलं. सगळ्यांनी काढलं. सहा चित्रांत भोक वरच्या बाजूला, एकीच्या चित्रात खालच्या. जोरदार भांडण. परत जाऊन बघितलं, तर खालच्याच बाजूला. "पाऊस आत जाऊ नये म्हणून," एक जण. "मग पिल्लू पडणार नाही का?" दुसरी. त्यानंतर महिनाभर ही मुलं जाईल तिथे वाळक्या फांद्यांच्या पोटाकडे बघत चालत होती. आयांच्या तक्रारी आल्या, रस्त्यात धडपडतात म्हणून :)

सगळंच काही असं रंगत नाही हेही सांगतो. तीन-चार शनिवार असे गेले की पोरांनी चिखलात खेळण्यापलीकडे काही केलं नाही. एक मुलगा अजूनही प्रत्येक पानावर डायनासोर काढतो. पण त्याचा डायनासोर हल्ली सरड्यासारखा बसायला लागला आहे, पुढचे पाय बाहेर फाकवून, मान वर करून. बघतोय म्हणजे कुठेतरी.

भाचीच्या जास्वंदीची गोष्ट आणि डेव्हिस यांचं काम मी पोरांना सांगितलं, तेव्हापासून सोसायटीत जास्वंदीची डावी-उजवी मोजणी सुरू आहे. एकाच झाडावर दोन्ही पिळांची फुलं सापडतात, हे कळून पोरं चाट पडली. अडचण एकच होती. बी विंगमधले एक आजोबा पहाटेच देवासाठी सगळी फुलं तोडून नेतात (प्रत्येक सोसायटीत असे एक आजोबा असतातच). पोरांचं शिष्टमंडळ त्यांच्याकडे गेलं, की आजोबा, आम्ही मोजल्याशिवाय फुलं तोडू नका. आजोबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, डावा-उजवा पीळ कसा ओळखायचा ते दोनदा समजून घेतलं, आणि म्हणाले, "तुम्ही सातला उठणार. त्यापेक्षा मला एक वही द्या."

वही दिली. पहिल्या दिवसाची नोंद अशी आहे: सकाळी ५.५०, ढगाळ. डावी ७, उजवी ५. एका फुलात मुंग्या होत्या, ते देवाला घेतलं नाही. पाकळी दुमडलेली असल्याने एकाचा पीळ कळला नाही, चित्र काढून ठेवले आहे.